टाफाइट की स्पिनेल? आकडे सारखे येतात तेव्हा दोन खडे वेगळे कसे ओळखायचे

टेबलावर पांढरा कागद अंथरलाय आणि त्यावर दोन खडे आहेत. दोन्ही ओव्हल, दोन्ही श्रीलंकेचे, दोन्ही फिकट जांभळे, म्हणजे शर्टाच्या खिशावर पडलेला शाईचा डाग चार वेळा धुतल्यावर जेवढा उरतो ना, तेवढाच रंग. डावीकडचा माझा, तो स्पिनेल. उजवीकडचा माझ्या जेमॉलॉजीच्या (रत्नशास्त्राच्या) बाईंचा, तो टाफाइट, म्हणजे स्पिनेलसारखंच दिसणारं पण फार दुर्मिळ रत्न, लॅबच्या रिपोर्टसकट. बाईंनी चार दिवस वापरायला दिलाय, म्हणून म्हटलं हे खडे समोर आहेत तोवरच सगळं नीट लिहून काढावं, कारण टाफाइट हातात घेऊन लिहायची संधी परत कधी मिळेल काय माहीत.

नुसत्या डोळ्यांनी बघून यातला कुठला कुठला ते मलाही सांगता येत नाही, आणि कोणी तसं सांगत असेल तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका. गंमत म्हणजे जेमॉलॉजीच्या पुस्तकातले आकडे बघूनही पटकन सांगता येत नाही. स्पिनेलचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश खड्यात शिरताना किती वाकतो त्याचं माप, ज्याला सगळे आरआय म्हणतात, साधारण १.७१८, टाफाइटचा १.७१७ ते १.७२४ च्या आसपास. विशिष्ट गुरुत्व, म्हणजे एसजी (तेवढ्याच आकारमानाच्या पाण्यापेक्षा खडा किती पट जड), स्पिनेलचं ३.६०, टाफाइटचं ३.६० ते ३.६२. कठीणपणा स्पिनेलचा मोहच्या मापावर ८, टाफाइटचा ८ ते ८.५. म्हणजे रत्नं ओळखायला आपण ज्या तीन आकड्यांवर सगळ्यात जास्त भिस्त ठेवतो ते तिन्ही आकडे इथे गप्प बसतात. बोलते ती एकच गोष्ट, प्रकाश खड्यात शिरल्यावर एकच राहतो की त्याचे दोन होतात. खालच्या सगळ्या पायऱ्या फिरून फिरून तिथेच येतात.

हे दोघे इतके सारखे का

हे आधी समजून घ्या, मग टेस्ट का करतोय ते डोक्यात बसतं. स्पिनेल म्हणजे मॅग्नेशियम आणि ॲल्युमिनियमचं ऑक्साइड. टाफाइटमध्ये हेच दोन आहेत आणि शिवाय बेरिलियम. पण ते कसंही मिसळलेलं नाहीये. चिरोट्यात जसे पदर असतात तसे टाफाइटमध्ये अणूंचे पदर आहेत, एक प्रकार हुबेहूब स्पिनेलच्या रचनेचा आणि दुसरा बेरिलियमवाला, आणि दोन्हींचं प्रमाण सारखं. म्हणजे टाफाइटच्या पोटात खरोखरच निम्मा स्पिनेल बसलाय, मग घनता आणि आरआय जुळणारच की.

फरक पडतो तो या पदरांमुळेच. स्पिनेल क्यूबिक आहे, तिन्ही दिशांना रचना सारखी, म्हणून प्रकाश कुठूनही गेला तरी त्याचा वेग तोच. टाफाइट हेक्सागोनल आहे, पदरांना समांतर जाणं आणि पदर ओलांडून जाणं यात फरक आहे, म्हणून आत शिरलेल्या किरणाचे दोन होतात, त्यांचे वेग वेगळे, त्यामुळे आरआयही दोन. दोन आरआयमधला फरक मात्र जेमतेम ०.००४ ते ०.००५. पेरिडॉट या हिरव्या रत्नात हाच फरक ०.०३६ असतो, म्हणजे टाफाइटमध्ये त्याच्या सातव्या ते नवव्या हिश्शाएवढा. एवढासा फरक पकडायचा आहे आपल्याला.

हा पहिल्यांदा पकडला तो एडवर्ड टाफ या डब्लिनच्या रत्नतज्ज्ञाने. १९४५ च्या ऑक्टोबरमध्ये त्याने तिथल्या एका जवाहिऱ्याकडून जुन्या दागिन्यांतून काढलेले खडे लॉटने घेतले आणि घरी बसून एकेक तपासायला लागला. त्यातला १.४१९ कॅरेटचा फिकट जांभळा खडा त्याने स्पिनेलमध्येच टाकला असता, पण भिंगातून बघताना मागच्या बाजूची धूळ आणि ओरखडे त्याला दोन-दोन दिसले. स्पिनेलमध्ये असं होऊच शकत नाही. त्याने तो लंडनला अँडरसन या रत्नतज्ज्ञाच्या लॅबमध्ये पाठवला, पुढे त्याचा एक तुकडा कापून रासायनिक तपासणी झाली आणि १९५१ मध्ये नवं खनिज म्हणून जाहीर झालं. पैलू पाडलेल्या, दागिन्यात बसून आलेल्या खड्यावरून नवं खनिज सापडल्याचं तोवर एकही उदाहरण नव्हतं. दुसरा टाफाइट १९४९ मध्ये लंडनमध्येच मिळाला, तोही स्पिनेल समजलेल्या खड्यांतूनच. म्हणून मी म्हणतो की जांभळट, फिकट गुलाबी, करडट स्पिनेलची पुडी कधी न तपासता बाजूला ठेवू नये.

काय काय लागेल

दहा पट भिंग, चांगला चिमटा, पोलॅरिस्कोप, म्हणजे खडा एका किरणाचा की दोन किरणांचा ते दाखवणारं यंत्र (नसेल तर लॅपटॉप आणि पोलराइज्ड गॉगल, ते सांगतो पुढे), रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे आरआय मोजायचं यंत्र, ज्यात आकड्यांच्या पट्टीवर सावलीची कड दिसते, त्याच्या लिक्विडसकट, ०.००१ ग्रॅम दाखवणारा छोटा काटा, आणि मिळाला तर डायक्रोस्कोप, म्हणजे दोन किरणांचे रंग शेजारशेजार दाखवणारी छोटी नळी. एवढ्यात काम भागतं. कठीणपणाची टेस्ट म्हणून ओरखडा काढून बघणं हा प्रकार मात्र अजिबात करायचा नाही, दोघांचा कठीणपणा जवळजवळ सारखा आहे त्यामुळे त्यातून काही कळणार तर नाहीच, वर खडा खराब होईल.

सगळ्यात आधी खडा धुवा. कोमट पाणी, भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब, मऊ ब्रश, आणि मऊ कापडाने कोरडा करा. नंतर हात लावू नका, चिमट्यानेच उचला. बोटाचं तेल टेबलवर, म्हणजे खड्याच्या वरच्या सपाट पैलूवर लागलं की रिफ्रॅक्टोमीटरची सावली पुसट होते आणि मग तुम्ही अर्धा तास मशीनला दोष देत बसता.

पायरी १ : भिंगातून डबल दिसतंय का

टेबलमधून खाली बघा आणि मागच्या पैलूंच्या कडांवर फोकस करा. एक कड दोन समांतर रेघांसारखी दिसते का? डोळ्याला सवय नसेल तर आधी एखादा पेरिडॉट घ्या, त्यात ते ढळढळीत दिसतं, मग काय शोधायचं ते कळतं. खडा थोडा थोडा फिरवत, तिरका करत, निदान पाच-सहा दिशांनी बघा. टाफाइटमध्ये एक दिशा अशी असते, तिला ऑप्टिक ॲक्सिस म्हणतात, की तिच्या रेषेत बघितलं तर काहीच डबल दिसत नाही, आणि पैलू पाडणाऱ्याने नेमका टेबल त्या दिशेला काढला असेल तर समोरून बघणारा फसलाच.

बाईंचा खडा ०.८ कॅरेटच्या आतलाच आहे. मला त्यात समोरून काहीच दिसलं नाही. गर्डलच्या, म्हणजे खड्याच्या कमरेच्या कडेच्या, बाजूने तिरका धरल्यावर एका कडेला अगदी केसाएवढी जोडरेघ दिसली, तीही मला माहीत होतं म्हणून दिसली, खरं सांगायचं तर. तेव्हा या पायरीवर डबल दिसलं तर उत्तम, नाही दिसलं तर त्याचा अर्थ शून्य, पुढे चला.

भिंग हातात आहेच तर आतही बघून घ्या. आत बारीक अष्टफलक, म्हणजे दोन पिरॅमिड बुडाशी चिकटवल्यासारखे कण रांगेने दिसले तर कल स्पिनेलकडे आहे. गोल बुडबुडे दिसले तर कृत्रिम असण्याची शंका घ्या.

पायरी २ : पोलॅरिस्कोप, आणि इथे घाई नको

पोलॅरिस्कोप नसेल तर लॅपटॉपच्या एलसीडी स्क्रीनवर पांढरं कोरं पान उघडा आणि ब्राइटनेस फुल करा. एलसीडीतून येणारा प्रकाश आधीच पोलराइज्ड, म्हणजे एकाच दिशेत कंप पावणारा असतो. पोलराइज्ड गॉगलची काच डोळ्यासमोर धरून हळूहळू फिरवा, एका जागी स्क्रीन काळीकुट्ट होते. होत नसेल तर गॉगल पोलराइज्ड नाहीये, दुकानदाराने काहीही सांगितलं असलं तरी. काळं झालं की काच तशीच स्थिर ठेवायची आणि खडा चिमट्यात धरून स्क्रीन आणि काच यांच्यामध्ये आणायचा.

आता खडा पूर्ण एक चक्कर फिरवा. दोन किरणांचा खडा असेल तर एका चक्करमध्ये चार वेळा उजळतो आणि चार वेळा विझतो. एका किरणाचा, म्हणजे स्पिनेलसारखा असेल तर सगळी चक्कर काळाच राहतो. निदान पुस्तकात तरी असंच लिहिलेलं असतं. प्रत्यक्षात दोन अडचणी येतात.

पहिली अडचण तीच, ऑप्टिक ॲक्सिसची. त्या दिशेने बघितलं तर टाफाइटही काळाच राहतो. म्हणून किमान तीन वेगळ्या दिशांनी चक्कर मारा, आणि त्यातली एक तरी गर्डलमधून आरपार. टेबल खाली ठेवून बघितलं तर मागचे पैलू प्रकाश परतवून लावतात आणि खडा कारण नसताना काळा दिसतो.

दुसरी अडचण जास्त वाईट, कारण तिथे चूक उलट्या बाजूला होते. स्पिनेलमध्ये वाढताना ताण राहिलेला असू शकतो आणि त्या ताणामुळे तोही मध्ये मध्ये उजळतो, ढगांसारखे पट्टे सरकताना दिसतात. मी यात एकदा चुकलोय. एका मित्राच्या खड्यात असे उजेडाचे पट्टे बघून मी त्याला टाफाइट आहे म्हणून सांगितलं, त्याने खर्च करून लॅबला पाठवला, आणि रिपोर्ट आला नॅचरल स्पिनेल. त्याचे पैसे गेले आणि आठवडाभराची आशा गेली, आणि ती माझ्या अर्धवट टेस्टमुळे गेली, याचं मला आजही वाईट वाटतं.

ती चूक टाळायची टेस्ट दोन मिनिटांची आहे. खडा ज्या पोझिशनला सगळ्यात उजळ दिसतो तिथे तो थांबवा. आता खडा न हलवता फक्त वरची काच नव्वद अंश फिरवा, म्हणजे पाठीमागची स्क्रीन काळ्याची पांढरी होईल. नजर खड्यावरच ठेवायची. खडा आधीपेक्षा स्पष्ट जास्त उजळला तर तो ताणामुळे चमकणारा एका किरणाचा खडा, म्हणजे स्पिनेलच्या बाजूचा. तेवढाच राहिला किंवा गडद झाला तर खरोखर दोन किरणांचा. माझ्या स्पिनेलमध्ये हे करताना पट्टे गायब होऊन अख्खा खडा लख्ख उजळतो, आणि बाईंच्या खड्यात तो उलट मंद होतो. लागोपाठ तीन वेळा करून बघितलं, तिन्ही वेळा तेच.

जाळीसारखे, चौकड्या विणल्यासारखे पट्टे दिसले तर कृत्रिम स्पिनेल असेल का ते तपासा, ज्वालेत वितळवून बनवलेल्या स्पिनेलची ती खूण आहे.

पायरी ३ : रिफ्रॅक्टोमीटर, आकड्यापेक्षा हालचाल बघा

या पायरीवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवतो आणि तुम्हीही घालवा.

लिक्विडचा थेंब टाचणीच्या डोक्याएवढा, जास्त नाही, नाहीतर छोटा खडा त्यावर तरंगतो आणि काच आणि खडा नीट चिकटत नाहीत. थेंब काचेवर टाका, खडा बाजूच्या धातूच्या पट्टीवर टेबल खाली करून ठेवा आणि टेबलला न शिवता, कडेला बोट लावून हळूच सरकवत थेंबावर आणा. इथे चिमटा वापरू नका, ती काच शिशाची आणि मऊ असते, एक ओरखडा पडला की कायमचा. लिक्विड विषारी आहे, वास घेत बसू नका, खिडकी उघडी ठेवा, नंतर हात साबणाने धुवा, आणि मुलांच्या हाताला लागेल असं कधीच ठेवू नका.

लाइट पिवळा सोडियमचा किंवा त्या रंगाचा एलईडी असावा. पांढऱ्या लाइटमध्ये सावलीची कड इंद्रधनुष्यासारखी पसरते आणि आपल्याला हवा असलेला बारीक फरक त्यातच बुडून जातो.

बहुतेक रिफ्रॅक्टोमीटरवर रेघा ०.०१ च्या अंतराने असतात, तिसरा आकडा आपण डोळ्यांनी अंदाजाने वाचतो. टाफाइटच्या दोन आरआयमधला फरक म्हणजे त्या एका घराचा फार तर अर्धा भाग. म्हणून नुसतं वाचून १.७२ लिहिलं आणि सोडलं तर काहीच केलं नाही असं समजा. आयपीसवर, म्हणजे डोळा लावायच्या भागावर, पोलराइजिंग फिल्टर ठेवा, आणि सावलीच्या कडेवर नजर रोखून फिल्टर नव्वद अंश इकडे-तिकडे फिरवा. आकडा विसरा. कड उडी मारते का ते बघा. डोळ्याला स्थिर रेघ कुठे आहे ते सांगता येत नाही, पण ती हलली की लगेच कळतं.

माझ्या स्पिनेलवर कड १.७१८ ला बसलीये, फिल्टर कितीही फिरवा, खडा काचेवर कितीही वळवा, जागची हलत नाही. बाईंच्या खड्यावर फिल्टर फिरवला की कड १.७२२ वरून १.७१८ ला उतरते, परत फिरवला की परत वर जाते. पहिल्यांदा ते बघितलं तेव्हा मी श्वास रोखून बसलो होतो. एवढीशी सावली, पण टाफने १९४५ मध्ये भिंगातून जे बघितलं तेच आपण आपल्या घरातल्या टेबलावर बघतोय.

आता खडा काचेवरच पंचेचाळीस-पंचेचाळीस अंशांनी वळवत अर्धी चक्कर पूर्ण करा आणि प्रत्येक जागी वरची आणि खालची, म्हणजे मोठ्या आणि लहान आकड्याची, अशी दोन्ही रीडिंग लिहा. टाफाइटमध्ये वरचं रीडिंग जवळजवळ स्थिर राहतं आणि खालचं सरकतं, कधी वरच्याच्या जवळ येतं, कधी पूर्ण लांब जातं. याला युनिॲक्सियल निगेटिव्ह म्हणतात. उलट झालं, म्हणजे खालचं स्थिर आणि वरचं सरकतंय, तर खडा तिसराच काहीतरी आहे, शांतपणे परत सुरुवात करा.

एक धोका लक्षात ठेवा. ज्वालेत बनवलेल्या कृत्रिम स्पिनेलचा आरआय १.७२८ च्या आसपास येतो, कारण त्यात ॲल्युमिना, म्हणजे ॲल्युमिनियमचं ऑक्साइड, जास्त असतं. कोणी नुसता "नेहमीच्या स्पिनेलपेक्षा आरआय जास्त आहे, म्हणजे टाफाइट" असा हिशोब सांगितला तर तो चुकीचा आहे. शिवाय ज्या नैसर्गिक स्पिनेलमध्ये जस्त किंवा लोह जास्त असतं त्याचाही आरआय वर सरकतो.

पायरी ४ : एसजी, आणि त्याची मर्यादा

एसजी काढा, पण त्यातून निकाल लागेल अशी अपेक्षा ठेवू नका. हे मी मुद्दाम हिशोबासकट सांगतो.

काट्यावर छोट्या प्लास्टिकच्या कपात उकळून गार केलेलं पाणी ठेवा, त्यात साबणाचा अगदी बारीक थेंब, म्हणजे बुडबुडे चिकटत नाहीत. काटा शून्यावर आणा. खडा नायलॉनच्या बारीक दोऱ्याला अडकवून वरून पाण्यात सोडा, पूर्ण बुडाला पाहिजे पण कपाच्या तळाला किंवा कडेला टेकता कामा नये. काटा आता जे दाखवतो ते खड्याने बाजूला सारलेल्या पाण्याचं वजन. खड्याच्या कोरड्या वजनाला त्याने भागा, एसजी मिळालं.

समजा खडा १.५२ कॅरेटचा आहे, म्हणजे ०.३०४ ग्रॅम, आणि पाण्यात काटा ०.०८४ दाखवतो. भागाकार ३.६२. आता काट्याचा शेवटचा आकडा फक्त एकाने हलला, ०.०८३ झाला, तर उत्तर ३.६६. ०.०८५ झाला तर ३.५८. म्हणजे दीड कॅरेटच्या खड्यावर घरच्या काट्याची चूक आपल्याला हव्या असलेल्या फरकापेक्षा मोठी आहे, आणि आपले खडे बहुतेक वेळा त्याहून लहान असतात.

मग करायचंच कशाला? इतरांना बाहेर काढायला. ॲमेथिस्ट असेल तर २.६५ येईल, जांभळा सफायर असेल तर ४.०० च्या आसपास. काटा कितीही चुकला तरी ही दोन कुटुंबं ३.६ च्या जवळ येत नाहीत. तेवढं काम हा काटा चोख करतो.

पायरी ५ : डायक्रोस्कोप

पटकन सांगतो. पांढऱ्या प्रकाशासमोर खडा धरून डायक्रोस्कोपमधून बघा, शेजारशेजारच्या दोन खिडक्यांत रंगाच्या छटा वेगळ्या दिसल्या तर तो स्पिनेल नाही, विषय संपला. पण टाफाइटमध्ये हा फरक फार फिका असतो आणि खडा मुळात फिक्या रंगाचा असेल तर दिसतही नाही. बाईंच्या खड्यात मला नाही दिसला. न दिसण्यावरून काही ठरवू नका.

जाता जाता एक सांगावंसं वाटतं. स्पिनेल म्हणजे दुय्यम आणि टाफाइट निघाला तरच आनंद, असं मनात धरून बसू नका. मुघलांच्या खजिन्यातले बदख्शानचे (अफगाणिस्तानकडचा डोंगराळ प्रदेश) "लाल" स्पिनेलच होते, तैमूर रूबी म्हणून जो प्रसिद्ध आहे आणि ज्यावर जहांगीर, शाहजहान यांची नावं कोरलीत तो स्पिनेल आहे, ब्रिटिश राजमुकुटातला ब्लॅक प्रिन्सचा रूबीही स्पिनेलच. टाफाइटला शोधताना हातातल्या सुंदर स्पिनेलचा अपमान करू नये एवढंच.

पायरी ६ : लॅबला कधी आणि काय सांगून

पोलॅरिस्कोपमध्ये काच फिरवल्यावर खडा उजळला नाही, रिफ्रॅक्टोमीटरवर फिल्टरसोबत कड हलली, एसजी ३.६ च्या आसपास आलं. हे तिन्ही जमलं तरच लॅबला पाठवा. यातलं एकही डळमळीत असेल तर दुसऱ्या दिवशी ताज्या डोळ्यांनी परत करा, खडा कुठे पळून जात नाहीये.

लॅब निवडताना रामन स्पेक्ट्रोस्कोपी, म्हणजे लेझरचा प्रकाश टाकून खनिज ओळखायची सोय, आहे का हे फोनवर आधी विचारा. मुंबईत आणि जयपूरमध्ये अशा लॅब आहेत. हे विचारायचं कारण मसग्राव्हाइट. हा टाफाइटचाच नातलग, १९६७ मध्ये दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या मसग्रेव्ह डोंगररांगेत ओळखला गेला, आणि दागिन्याच्या प्रतीचे खडे १९९३ मध्ये नोंदवले गेले. टाफाइटमध्ये स्पिनेलचे आणि बेरिलियमवाले पदर समसमान असतात, मसग्राव्हाइटमध्ये बेरिलियमवाले दुप्पट. बाकी आरआय, एसजी, दोन किरण, सगळं एकमेकांत मिसळलेलं. वर लिहिलेल्या कुठल्याच टेस्टने हे दोघे वेगळे होत नाहीत, त्यामुळे घरी बसून कोणी "हा मसग्राव्हाइटच" म्हणत असेल तर रिपोर्ट मागा. रामनमध्ये खड्याला धक्का न लावता काही मिनिटांत उत्तर मिळतं.

लॅबला देताना "टाफाइट आहे का बघा" असं म्हणू नका, "ओळख करून द्या" एवढंच म्हणा आणि तुमची रीडिंग सोबत लिहून द्या. ओळख होईपर्यंत खडा परत पैलू पाडायला, पॉलिशला किंवा गरम करायला देऊ नका. आणि पुडीवर वजन, तारीख, कुठून घेतला, फिल्टरच्या दोन्ही बाजूंची रीडिंग आणि वरचं स्थिर राहिलं की खालचं, हे पेन्सिलने लिहून ठेवा. बाईंच्या पुडीवर हे सगळं त्यांच्या बारीक अक्षरात आहे, वर एका ओळीत "स्पिनेल?" लिहून नंतर ते एका रेघेने खोडलंय.